हिरवा दिवा नको!

मित्रांनो, गटारात उतरणाऱ्या आपल्या माणसांसाठी आम्ही काही कार्यकर्त्यांनी वायू मोजणारे यंत्र बनवायला घेतले. पहिला नमुना चालला. पण एक नमुना चालणे वेगळे आणि १०० यंत्रे भरवशाची निघणे वेगळे. प्रत्येक सेन्सर ठरावीक प्रमाणातल्या वायूवर तपासावा लागतो. मिथेन साचलेला असेल तर सर्किटची एक ठिणगीही स्फोट घडवते. "वास तर येतोच की" म्हणणाऱ्यांना सांगतो, हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या पुढे गेला की नाकच बधिर होते.

उत्पादनाआधीच्या बैठकीत खरा वाद पेटला तो दिव्यावरून. धोक्याला लाल, तर सुरक्षिततेला हिरवा दिवा हवा, असे काहींचे मत होते. तेव्हा सफाई कामगार मामा म्हणाले, "हिरवा लागला की मुकादम म्हणणार, यंत्रच सांगतंय, उतर!"

२०१३ च्या कायद्याने गटाराच्या धोकादायक सफाईवर बंदी घातली. पण सुरक्षा साधने देऊन, खबरदारी घेऊन माणूस उतरवला तर ती सफाई 'धोकादायक' ठरत नाही. म्हणजे आमचेच यंत्र ठेकेदाराचा परवाना ठरले असते!

म्हणून आम्ही हिरवा दिवा ठेवलाच नाही. यंत्र दोरीने वरूनच सोडायचे. त्याच्या नोंदी कामगारांच्या ताब्यात राहतील आणि सफाईसाठी मशीनच आणा, या मागणीचा पुरावा बनतील.

जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. ती विभागणी सुरक्षित करून देणे हे आपले काम नाही.

जय भीम!