भाद्रपदातली खाज



दशलक्षण पर्व जवळ आलं की आपण डबे घासतो, धान्य निवडून ठेवतो, पाणी गाळायचं कापड नवं काढतो. नेमक्या याच दिवसांत आमच्या भिवापुरात रस्त्याच्या कडेला, रिकाम्या प्लॉटवर, शेताच्या बांधावर गाजरगवत पांढरं फुललेलं असतं. ज्यांच्या घरी कुत्रं आहे, त्यांच्यापैकी काहींना मग रात्री एक आवाज झोपू देत नाही. पंजे चाटण्याचा, कान खाजवण्याचा.

'आपल्यात कुत्रं कोण पाळतं?' असं म्हणायचे दिवस गेले. मुलं पिल्लू आणतात, नोकरीला पुण्याला जातात आणि पिल्लू आपल्याकडे राहतं. आमची भुरी अशीच आमची झाली. आज तिच्या खाजेविषयी लिहिते, कारण गेल्या वर्षभरात मंदिरात तिघींनी मला हेच विचारलं.

परागकणांची ॲलर्जी म्हटली की आपल्याला शिंका आणि वाहणारं नाक आठवतं. कुत्र्यांमध्ये ती बहुधा कातडीवर उतरते. पंजे, कान, काखा, पोट आणि तोंडाभोवती खाज सुटते. सतत चाटून पांढरे केस तांबूस होतात. सहसा सहा महिने ते तीन वर्षं या वयात ही लक्षणं पहिल्यांदा दिसतात. भुरी दोन वर्षांची होती.

भिवापुरात कुणी शिंकलं तरी दोष मिरचीला जातो. आमची मिरची भौगोलिक मानांकन मिळालेली, तिखटही तशीच. सातऱ्यावर देठ खुडणं सुरू झालं की सगळ्या गावाला ठसका लागतो. भुरीची खाजही मिरचीच्या धुळीनेच, असं सगळे म्हणाले. मी बी.कॉम. झालेली बाई. हिशेब मांडल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. जुन्या रोजमेळाच्या वहीत रकाने आखले: तारीख, ऊन की पाऊस, फिरायला कुठे नेलं, काय खाल्लं, आणि खाजेला दहापैकी गुण. वर्षभरात चित्र स्पष्ट झालं. श्रावण सरताना गुण चढायचे, भाद्रपद-आश्विनात आठ-नऊवर जायचे आणि दिवाळीनंतर उतरायचे. मिरची तोडणीला येते ती हिवाळ्यात. त्या महिन्यांत भुरीला शिंका आल्या, पण खाज दोनच्या वर गेली नाही. खाणं तर बारा महिने एकच होतं.

ती वही पाहून डॉक्टरांना अर्धं उत्तर मिळालं. खाण्याची ॲलर्जी सहसा वर्षभर राहते, परागांची ऋतूप्रमाणे येते-जाते. त्यांनी आधी गोचीड, पिसवा, खरूज आणि बुरशी यांची तपासणी केली आणि मग गाजरगवताकडे बोट दाखवलं. हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. 1955 च्या सुमारास ते पुण्यात नजरेस आलं आणि आज देशभर आहे. माणसांनाही त्याने अंगावर पुरळ आणि दमा होतो. कुत्रं तर त्याच्यातूनच पोट घासत जातं.

आता आपल्या घरांतल्या अवघड प्रश्नाकडे येते. ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला पिसू चावली की खाज दुप्पट होते, म्हणून गोचीड-पिसवांचं औषध नियमित द्यायला सांगतात. त्या औषधाने जीव मरतात. माझ्या जाऊबाईंना हे अजिबात पटत नाही, आणि त्यांची व्रतं माझ्यापेक्षा कडक आहेत. मी यत्नाचार शब्द धरून चालते. अंगण कोरडं ठेवते, अंथरूण दर आठवड्याला धुऊन उन्हात टाकते, रोज फणी फिरवते, म्हणजे जीव तयारच कमी होतात. तरीही डॉक्टर म्हणाले तेव्हा औषध दिलं. संज्ञी पंचेंद्रिय जीव रात्रभर स्वतःची कातडी फाडत असताना 'मी काही मारलं नाही' एवढंच समाधान मला पुरत नाही. जाऊबाई आणि मी यावर अजून एकमत नाही.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचंही तसंच. त्या कातडीला बळ देतात, पण मुख्य इलाज नाहीत. डॉक्टरांना मी सरळ सांगितलं की आमच्या घरात हे येणार नाही. जवसाचं तेल देता येतं, पण कुत्र्याचं शरीर त्याचं रूपांतर फार थोडं करतं, असं ते म्हणाले. शेवाळापासूनचं तेल मिळतं, पण शेवाळ आपल्यात अनंतकाय. मग तेलाचा नादच सोडला आणि खाज थांबवणारी गोळी घेतली. सुरुवातीला ती दिवसातून दोनदा होती. सकाळी सहा, संध्याकाळी सहा, म्हणजे भुरीचंही सूर्यास्ताआधीच.

सगळ्यात जास्त उपयोग मात्र ओल्या फडक्याचा झाला. बाहेरून आल्या आल्या चारही पंजे, बोटांच्या मधली जागा, पोट आणि तोंड पुसायचं, मग कोरडं करायचं. ओल राहिली तर बुरशी धरते. आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने आंघोळ. डॉक्टरांनी दिलेला शाम्पू दहा मिनिटं अंगावर ठेवायचा. आपला साबण नको, फिनाईलने पुसलेली ओली फरशी नको. फिरणं पक्क्या रस्त्यावरून. अंगणातलं गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून उपटायचं.

घरातल्या डब्यातली गोळी मनाने देऊ नका. आयबुप्रोफेन, पॅरासिटामोल कुत्र्याला विषारी ठरू शकतात. स्टेरॉइड सुरू असेल तर तहान, भूक आणि लघवी वाढते. ते मनाने एकदम बंदही करू नका. कानाला वास आला, कातडी ओली-लाल झाली तर थांबू नका. जवळ सोय नसेल तर नागपूरला सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कांदा-लसूणही कुत्र्याला घातक, आपल्याकडे तो नाही हे त्यांच्या पथ्यावरच पडतं. पण शिऱ्यातले बेदाणे तितकेच वाईट, हे लक्षात असू द्या.

जीवंधरकुमारांनी मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला, ही कथा आपण पाठशाळेत ऐकली आहे. आपली कुत्री मरणाच्या दारात नाहीत, त्यांना नुसती खाज सुटली आहे. त्यांना मंत्र ऐकवाच, पण हातात फडकंही घ्या.

ही ॲलर्जी बरी होत नाही, आटोक्यात राहते. ॲलर्जी शोधून द्यायची इंजेक्शनंही असतात, पण गुण यायला कित्येक महिने लागतात. भुरीचा या भाद्रपदातला सगळ्यात मोठा आकडा चार आहे. तुमच्या घरी कुत्रं असेल तर आजपासून वही घाला. दारामागे एक खिळा ठोका आणि त्यावर फडकं अडकवून ठेवा.

जय जिनेंद्र.