सरावलेला पहारेकरी

जेवण आटोपून पाटावरून उठतांना एके दिवशीं आमच्या डोळ्यांपुढें अंधारी आली व भिंतीचा आधार घ्यावा लागला. पन्नाशी उलटल्यावर असें व्हावयाचेंच, अशी समजूत करून घेऊन आम्ही तो प्रसंग विसरलों असतों. परंतु घरच्या मंडळींच्या आग्रहानें डॉक्टरांकडे गेलों, तों रक्तदाब बराच वाढलेला निघाला. आम्हांस नवल वाटलें. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडलें म्हणून अंधारी आली. मग दाब अधिक कसा?

या कोड्याचें उत्तर शोधतां शोधतां एका पहारेकऱ्याची ओळख झाली. मनुष्य उभा राहतांच अर्धा लिटर किंवा त्याहूनहि अधिक रक्त खालीं पायांकडे उतरतें व वरचा दाब घसरतो. जबड्याखालीं, मानेंतील धमनीला जेथें फांटा फुटतो, तेथें तिच्या भिंतींत मज्जातंतूंचीं टोकें आहेत. तशींच तीं हृदयाजवळील महाधमनीच्या कमानींतहि आहेत. भिंतीचा ताण कमी झाला कीं त्यांचा निरोप लंबमज्जेकडे जातो. तेथून व्हेगस मज्जातंतूचा लगाम सैल पडतो, हृदय जलद चालूं लागतें व रक्तवाहिन्या आकसतात. दाब वाढल्यास याच्या उलट घडतें. व्हेगसला उत्तेजित केलें असतां हृदय थांबतें, हें वेबरबंधूंनीं १८४५ सालीं दाखविलें होतें. मान दाबली असतां नाडी मंदावते, ती हा मज्जातंतु दाबला गेल्यामुळें, असा पूर्वीं समज होता. त्या क्रियेचें मूळ धमनीच्या भिंतींत आहे, हें हेरिंग यानें १९२० नंतरच्या दशकांत सिद्ध केलें.

असा दक्ष पहारेकरी असतां आमचा दाब वाढला कसा? कारण असें कीं, चढलेला दाब कांहीं दिवस तसाच राहिला, म्हणजे पहारेकरी त्यालाच योग्य समजूं लागतो. क्षणिक चढउतारांस तो जागा असतो. कायमच्या चढास मात्र सरावतो. शिवाय वयोमानानें धमन्या ताठर झाल्या कीं त्यांचा ताण त्यास नीट कळत नाहीं, व आपण उठतांना त्याची मदत उशिरां येते. दाब वाढलेला आणि तरीहि अंधारी, या दोहोंचा मेळ असा बसतो.

आम्ही तर्कशास्त्र शिकवितों. तरी ‘आम्हांस कांहीं वाटत नाहीं, त्या अर्थीं आम्हांस कांहीं झालेलें नाहीं’ हें अनुमान आम्ही वर्षानुवर्षें निःशंकपणें करीत आलों. आमचे वडीलहि हेंच म्हणत असत, आणि ते पक्षाघातानें गेले. ज्या साक्षीदारावर आम्हां उभयतांची भिस्त होती, तोच सरावलेला होता, हें आम्हांस आतां कळलें.

हल्लीं आम्ही पाटावरून सावकाश उठतों, गोळी वेळेवर घेतों, आणि आपल्याला काय वाटतें यापेक्षां दंडाला बांधलेली पट्टी काय सांगते, यावर अधिक विश्वास ठेवतों.