ओढ नसताना वाट निवडणे

बुलढाणा

तीर्थरूप भाऊजी यांच्या सेवेशी,


पदवी पूर्ण होऊनही चिरंजीवाला कोणत्याच कामाची ओढ वाटत नाही आणि त्यामुळे पुढचा मार्ग ठरत नाही, ही आपल्या पत्रातील काळजी मेहकरातल्या एका घरापुरती नाही; जिल्ह्याच्या घाटावरच्या आणि घाटाखालच्या तेराही तालुक्यांत ती आज ठिकठिकाणी आढळते, आणि म्हणूनच तिचे उत्तर नुसत्या उपदेशाने न देता कारणे तपासून देणे आवश्यक ठरते. या पत्रातील मुख्य प्रतिपादन आधीच सांगितलेले बरे. आधी ओढ निर्माण होते, ओढीप्रमाणे माणूस काम निवडतो आणि निवडलेल्या कामात प्रावीण्य मिळवतो, हा सर्वमान्य क्रम फार थोड्यांच्या बाबतीत खरा असतो. पुष्कळांच्या बाबतीत काम आधी हाती येते, त्यात हळूहळू हात बसतो, बसलेल्या हाताला कोणीतरी दाद देतो आणि मग ओढ उत्पन्न होते. हा क्रम मान्य केला, तर ज्याला ओढ नाही त्याने ती उत्पन्न होईपर्यंत थांबावे हा सल्ला चुकीचा ठरतो, कारण त्यात कारण घडण्याआधीच परिणामाची वाट पाहिली जाते.

सगळा निरुत्साह एकाच जातीचा मानल्यामुळे घराघरांत बरेच गैरसमज होतात. जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये तरुणांच्या अस्मितेच्या, म्हणजे आपण कोण आहोत आणि कशासाठी जगायचे या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तराच्या, चार अवस्था मांडल्या. पर्याय पाहून, पारखून ज्याने एक पत्करला तो पहिल्या अवस्थेत असतो. जो अजून शोधात आहे पण ज्याने काही पत्करलेले नाही तो दुसऱ्या, ज्याने काहीही न शोधता वडीलधाऱ्यांनी ठरवलेले पत्करले तो तिसऱ्या, आणि ज्याने शोधलेही नाही व पत्करलेही नाही तो चौथ्या. बाहेरून पाहणाऱ्याला दुसऱ्या आणि चौथ्या अवस्थेतला मुलगा सारखाच रिकामा दिसतो आणि तिसऱ्या अवस्थेतला मार्गी लागलेला दिसतो, ही यातली खरी अडचण आहे. चिरंजीवाची विज्ञान शाखा दहावीच्या गुणांवरून ठरली, बी.एस्सी. बारावीच्या गुणांवरून ठरली आणि स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका मित्रांच्या सोबतीवरून ठरली. यांतला एकही निर्णय त्याने पर्याय पाहून घेतलेला नाही. उसना घेतलेला मार्ग परीक्षांतील अपयशाने बंद झाला, तेव्हा तो तिसऱ्या अवस्थेतून थेट चौथ्या अवस्थेत आला, असाच त्याच्या आजच्या स्थितीचा अर्थ लागतो, आणि तिला आळस म्हणणे म्हणजे निदानातच चूक करणे होय.

हे एका मुलापुरते मर्यादित का नाही, हे जिल्ह्याच्या अर्थकारणावरून कळते. सोयाबीन, कापूस आणि तूर यांवर व पावसावर अवलंबून असलेल्या शेतीत एका वर्षाचे उत्पन्न दुसऱ्या वर्षाची शाश्वती देत नाही, त्यामुळे सरकारी नोकरी हीच स्थैर्याची खूण ठरली आहे, आणि स्थळ पाहायला येणारी मंडळीही जमिनीआधी नोकरी विचारतात. परंतु या मार्गाचे गणित घरात कोणी मांडून पाहत नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते, म्हणजे एका पदामागे दोनशेहून अधिक उमेदवार होते. अशा परीक्षेत न लागणे हा कोणाच्याही बुद्धीवरचा शेरा होऊ शकत नाही, कारण सर्वच्या सर्व उमेदवार उत्तम तयारीचे असते तरी दोनशेतले एकशे नव्याण्णव बाहेरच राहिले असते. परीक्षा देणे यात गैर काही नाही. वय व प्रयत्न यांची मर्यादा न ठरवता आणि दुसरे कोणतेही काम हाताशी न ठेवता ती देत राहणे मात्र माणसाला आतून रिकामे करते.

या रिकामेपणाचे स्वरूप एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या स्वयंनिर्धारण सिद्धांतातून स्पष्ट होते. माणसाचा उत्साह टिकण्यासाठी तीन गरजा भागाव्या लागतात, असे हा सिद्धांत सांगतो: स्वायत्तता, म्हणजे निर्णय स्वतःचा असल्याची जाणीव, सक्षमता, म्हणजे काही तरी नीट जमते आहे याचा प्रत्यय, आणि आपलेपणा, म्हणजे ज्यांच्यासोबत काम करायचे त्यांच्यात आपल्याला जागा असल्याचा अनुभव. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांकडे पाहिले, तर यांतील दुसऱ्या गरजेचे महत्त्व ध्यानी येते. पोलीस शिपाई पदासाठी लेखी परीक्षा १०० गुणांची आणि मैदानी चाचणी ५० गुणांची असते, व त्या चाचणीत मुलांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक करावी लागते. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या ज्या मुलाची १६०० मीटरची वेळ दर पंधरवड्याला थोडी थोडी कमी होत जाते, त्याला निवड होण्याआधीच आपल्या श्रमाचे फळ घड्याळात दिसत असते. अभ्यासिकेत दिवसभर बसणाऱ्याला मात्र वर्षातून एकदा लागणाऱ्या निकालाखेरीज दुसरा कोणताच प्रत्यय मिळत नाही, आणि तो निकाल प्रतिकूल गेला की वर्षभराचे श्रम जणू झालेच नाहीत असे त्याला वाटते. म्हणून काम निवडताना पगार आणि प्रतिष्ठा यांच्या आधी, या कामात केलेल्या श्रमाचा प्रत्यय किती लवकर मिळतो, हे विचारले पाहिजे.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. झोप उडणे किंवा अतिझोप, जेवणावरची वासना जाणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही मन न रमणे आणि आपण निरुपयोगी आहोत अशी भावना, ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर प्रश्न करिअरचा राहत नाही, नैराश्य या आजाराची शक्यता तपासावी लागते, आणि तेथे मार्गदर्शकापेक्षा डॉक्टरांची गरज असते. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तेथे मराठीतही बोलता येते. मुलाच्या तोंडून जिवाविषयी निराशेचे शब्द निघाले, तर त्याला एकटे न ठेवता, एक दिवसही न दवडता डॉक्टरांकडे न्यावे.

आजार नसेल, तर उपाय लहान कामापासून सुरू होतो, आणि असे काम शोधण्यासाठी पुण्याचीच गाडी धरावी लागते असे नाही. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा या तालुक्यांत शेडनेटखाली भाजीपाल्याचे संकरित बीजोत्पादन चालते, आणि त्याची नाळ शेजारच्या जालन्याशी जोडलेली आहे, जेथे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली; बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. टोमॅटोच्या बीजोत्पादनात मादी ओळीतली जी कळी उद्या उमलणार असते, ती आदल्या दिवशी चिमट्याने उघडून, स्त्रीकेसराला धक्का न लावता तिच्यातले परागकोष काढून टाकावे लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडांच्या फुलांतून जमवलेले पराग त्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावले जातात, आणि हे फूल झाले अशी खूण म्हणून त्याच्या बुडाशी असलेल्या हिरव्या निदलांपैकी दोन कातरली जातात. कळी उशिरा उघडली तर तिचे परागण आपोआप होऊन बियाणे अशुद्ध होते, चिमटा लागला तर फूल गळते, आणि फळ धरले की नाही हे थोड्याच दिवसांत डोळ्यांना दिसते. वनस्पतिशास्त्र हा विषय पदवीला घेतलेल्या मुलाने पुस्तकात वाचलेले परागीकरण अशा शेडनेटमध्ये एक हंगाम हाताने केले, तर त्याला ते आवडेल की नाही हे आज कोणीही सांगू शकणार नाही. परंतु हंगामाच्या शेवटी त्याचे उत्तर त्याच्याजवळ असेल, आणि ते अनुभवाचे असेल.

असे पर्याय आणखीही आहेत. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील (आयटीआय) वीजतंत्री हा व्यवसाय दोन वर्षांचा आहे, आणि त्यानंतर शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार आस्थापनेत विद्यावेतनासह प्रत्यक्ष काम शिकता येते. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णाला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठेवण्यात आले. अशा योजनेचे खरे मोल रकमेपेक्षा यात आहे की कार्यालय किंवा कारखाना आतून कसा चालतो, हे मुलाला आयुष्याचा करार न करता पाहायला मिळते. जॉन क्रुम्बोल्ट्झ या समुपदेशन मानसशास्त्रज्ञाने अशाच वागण्याला नियोजित योगायोग असे नाव दिले आहे: पुढे काय घडेल हे ठरवता येत नाही, पण घराबाहेर पडून, माणसांना भेटून, नवे काही करून पाहून चांगले काही घडण्याची शक्यता वाढवता येते, असा त्याचा आशय आहे. पदवीधराने आयटीआयला जावे काय, ही शंका वडीलधाऱ्यांना येईल. तिचे उत्तर असे की शिकलेले वाया जात नाही, वाया जातो तो काळ, जो कोणत्याही कामाशिवाय निघून जातो.

आणखी एका भ्रमाचे निरसन मेहकरच्याच उदाहरणाने होते. जे आवडते तेच पोटाचे साधन असले पाहिजे, नाही तर जीवन फुकट गेले, अशी समजूत आजच्या मुलांच्या मनावर मोठे ओझे टाकते. कवी ना. घ. देशपांडे यांनी मेहकरात वकिली केली आणि कविता लिहिली. त्यांची ‘शीळ’ ही कविता ग्रामोफोनच्या तबकडीवरून महाराष्ट्रभर पोहोचली आणि ‘खूणगाठी’ या संग्रहाला १९८६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तरी उदरनिर्वाहाचा भार त्यांनी कवितेवर टाकला नाही. ती कविता ज्यांनी गायली ते जी. एन. जोशी हेही कायद्याचे शिक्षण घेतलेले होते. मात्र त्यांनी वकिली बाजूला ठेवून ग्रामोफोन कंपनीतील ध्वनिमुद्रणाचे काम पत्करले आणि ओढ व उपजीविका एकत्र आणली. एकाच गीताशी जोडलेल्या या दोघांपैकी कोणाचाच मार्ग चुकला असे म्हणता येत नाही. प्रामाणिकपणे केलेली नोकरी आणि संध्याकाळी जपलेला छंद हे पूर्ण आयुष्य असू शकते, हे मुलाला कोणीतरी वडीलधाऱ्याने स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

या विवेचनावरून घरासाठी काही गोष्टी निघतात. पर्याय दोन-तीन असावेत आणि त्यांतला एक मुलाने स्वतः निवडावा, कारण वडिलांनी निवडलेला उत्तम पर्यायही त्याला पुन्हा तिसऱ्याच अवस्थेत नेईल. निवडलेल्या कामाला एका हंगामाची किंवा सहा महिन्यांची मुदत असावी, मुदत संपेपर्यंत ते सोडू नये, आणि मुदत संपल्यावर ते सोडले तर त्याला अपयश म्हणू नये. परीक्षा द्यायचीच असेल, तर किती वेळा आणि कोणत्या वयापर्यंत, हे आधी कागदावर लिहून ठेवावे व सोबत मिळकतीचे एखादे काम चालू असावे. घरात राहण्याच्या बदल्यात त्याने वेळेवर उठणे, कामावर जाणे आणि मिळालेल्या पैशाचा हिशेब ठेवणे, एवढ्या अटी रास्त आहेत. रोज जेवताना पुढे काय हा प्रश्न विचारणे आणि चुलतभावाच्या नोकरीचा दाखला देणे मात्र पूर्ण थांबले पाहिजे, कारण त्याने कोणाचाही उत्साह वाढल्याचे दिसत नाही.

आपल्याला एकच कळकळीची विनंती आहे. चिरंजीवाला काय आवडते हे विचारणे आता काही काळ थांबवावे आणि येत्या सहा महिन्यांत तो काय करून पाहणार, एवढेच त्याला विचारावे. त्याचे उत्तर लहान असले, आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळे असले, तरी ते मान्य करून त्याच्या पाठीशी उभे राहावे. सौ. ताईस नमस्कार, चिरंजीवास अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

चिरंजीवाचा मामा