चामड्याच्या पाठीला एक्स-रे

नागपूरच्या धंतोलीत गल्लोगल्ली दवाखाने आहेत. विदर्भातून, पलीकडच्या छिंदवाडा-बालाघाटातून माणसं येतात आणि सोबतच्या नातेवाइकाच्या काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट असायचं. त्या पाकिटातली फिल्म माझ्या कामाला इतकी उपयोगी पडेल, असं वीस वर्षांपूर्वी मला कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. मी चामड्यावर नक्षी काढते. डायरीची कव्हरं, पट्टे, अल्बम, चष्म्याची घरं.

नक्षीसाठी चामडं हिरडा-बाभळीत कमावलेलं लागतं. क्रोमचं चामडं मऊ नि स्वस्त असलं तरी ठसा धरत नाही. ठोकला की उशीसारखा परत वर येतो. झाडपाल्यात कमावलेलं चामडं आधी ओलवायचं, पाणी आत मुरू द्यायचं आणि त्याचा मूळ रंग परत येऊ लागला, गालाला लावल्यावर नुसतं गार लागलं, की ठसा उचलायचा. तेव्हा ते मातीसारखं वागतं. पण ज्या ओलाव्यामुळे ठसा उमटतो, त्याच ओलाव्यामुळे आतले तंतू एकमेकांवरून सरकतात. मोगरीचा प्रत्येक घाव चामडं खाली दाबतो आणि थोडं बाजूलाही ढकलतो. एका ठशाने काही कळत नाही. पानाफुलांची भरगच्च वेल काढायची तर घाव हजारात जातात.

हे मला एका लग्नाच्या अल्बमने शिकवलं. बारा इंची दोन पानं मी मापाला कापली, चार दिवस कमळं कोरली आणि पट्टी लावून पाहिली, तर एक पान आडवं तीन सूत वाढलेलं. उभं मात्र जेमतेम एक सूत. चौकोनाचा पतंग झाला होता. घाबरून मी रंग चढवला आणि लवकर वाळावं म्हणून पान कूलरसमोर ठेवलं. मे महिना होता, पारा पंचेचाळीसच्या वर. संध्याकाळपर्यंत कडा आत वळल्या, पान द्रोणासारखं झालं आणि जिथे वाढलं होतं तिथेच आखडून सुरकुतलं. लग्न आठ दिवसांवर होतं. मुलीच्या आईला तोंड दाखवायची मला लाज वाटली.

तेव्हा मी एका म्हाताऱ्या कारागिरांकडे जायची. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांनी पान उलटं धरलं, मागची बाजू अंगठ्याने दाबली आणि म्हणाले, "पोरी, पोटाकडचं कापलं तू. पोट तं सुटतेच. अन् सुटू नये म्हणून त्याले मागून धरलं नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. जनावराच्या पाठीचे तंतू दाट असतात, पोटाचे विरळ आणि सैल. कण्याच्या दिशेने चामडं सगळ्यात कमी ताणलं जातं, म्हणून पट्टा नेहमी कण्याला समांतर कापतात. पोटाचा तुकडा नक्षीला घेऊच नये, हे माझं ठाम मत आहे. त्याची अस्तरं करावीत. कोल्हापुरी चप्पल करणारे कारागीर तळाचं चामडं भिजवून आधीच दणादण ठोकून घेतात, म्हणजे जे दबायचं, पसरायचं ते जोडायच्या आधीच होऊन जातं. नक्षीकामात मात्र तसं करता येत नाही. दाबून घट्ट झालेल्या चामड्यात ठसा खोल बसत नाही.

म्हणून मागून धरायचं. काका जाड पुठ्ठा चिकटवायचे, तो ओल धरून फुगायचा. मग कोणीतरी त्यांना जुनी एक्स-रे फिल्म आणून दिली. ती पॉलिएस्टरची असते, पाव मिलिमीटरहूनही पातळ, पाण्याने फुगत नाही आणि हाताने कितीही ओढली तरी लांबत नाही. तिच्यावर कोणाचं तरी नाव असतं, कोणाचा तरी मोडलेला खुबा असतो. त्यामुळे आधी मी ती कपड्यांच्या ब्लीचमध्ये टाकते. काळा थर सायीसारखा सुटतो आणि खाली फिकी निळी, स्वच्छ काच राहते. त्या थरात चांदी असते, भंगारवाले फिल्म घेतात ती त्यासाठीच. चांदी धरून ठेवणारं जिलेटिन हाडं आणि कातडी उकळून काढलेलं असतं, हे कळलं त्या दिवशी मी ते पाणी मोरीत ओतताना जरा थांबले होते.

कापताना चामडं चारही बाजूंनी बोटभर जास्त ठेवायचं. कोरड्या चामड्याच्या खरखरीत बाजूला आणि फिल्मला रबर सोल्युशनचा पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग मधून कडांकडे दाबत चिकटवायचं. हवेचा एक फुगा राहिला तर नेमकं तिथेच चामडं वाढतं. पाणी नंतर, तेही वरूनच, स्पंजने. रात्रभर प्लास्टिकच्या पिशवीत. नागपूरच्या उन्हाळ्यात टेबलावर उघडं ठेवलं तर चहा होईपर्यंत वरचा पापुद्रा वाळतो आणि आतलं ओलंच राहतं. ठोकताना खाली ग्रॅनाइटचा तुकडा. माझा ओट्याच्या कामातून उरलेला आहे. काठाच्या चौकटीचे ठसे सगळ्यात शेवटी.

रंगाचा धोका उलटा. स्पिरिटचा रंग आतलं तेल ओढून घेतो, तंतू एकमेकांना चिकटतात, चामडं आखडतं. म्हणून एकच गडद हात न देता रंग पातळ करून तीन-चार हात देते, प्रत्येक वेळी पूर्ण पानभर, आणि फिल्म काढत नाही. सावलीत, सपाट, वर फळी. हेअर ड्रायर कधीही नाही. झाडपाल्यात कमावलेलं ओलं चामडं साधारण 70 ते 85 अंशांना आखडतं आणि ते आखडणं कशानेही परत उलगडत नाही. पूर्ण वाळलं की तेलाचा हलका बोळा, मग फिल्म सोलायची, रबर बोटांनी गोळा होऊन निघतं. मगच पट्टी लावून मापाला कापायचं.

त्या अल्बमची पानं मी पाठीच्या चामड्यातून पुन्हा कोरली, सात रात्री जागून. ती बारा इंचच राहिली.

आता बहुतेक दवाखान्यांत एक्स-रे पडद्यावरच दिसतो. गेल्या वर्षी शेजारच्या डॉक्टरांनी जुन्या कोऱ्या फिल्मचे दोन डबे दिले, त्यातला एक अजून फोडलेला नाही.