एका तबकडीची फेरतपासणी

उत्तरपत्रिकांची फेरतपासणी करण्याचा प्रसंग शिक्षकावर अधूनमधून येतोच, आणि तीत विद्यार्थ्याचे गुण वाढवावे लागले की पहिल्या तपासणीची थोडी लाजही वाटते. प्रस्तुत प्रसंगी माझ्यापुढे उत्तरपत्रिका नसून वाद्यसंगीताची एक तबकडी आहे. तिला मी वयाच्या सतराव्या वर्षी नापास केले होते.

'कॉल ऑफ द व्हॅली', म्हणजे 'दरीची हाक', हे तिचे नाव. इ. स. १९६७ मध्ये हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीतर्फे ती निघाली. तीत जम्मूचे शिवकुमार शर्मा संतूर, अलाहाबादचे हरिप्रसाद चौरसिया बासरी आणि जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा गिटार वाजवितात. तबल्याची साथ माणिकराव पोपटकर यांची आहे. तिघेही वादक त्या वेळी तिशीच्या उंबरठ्यावर होते. निर्मिती जी. एन. जोशी यांची. आपल्या वऱ्हाडातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या 'शीळ' ह्या कवितेला ज्यांनी आपला आवाज दिला व मराठी भावगीत घरोघर पोहोचविले, तेच हे जोशी. तीनसाडेतीन मिनिटांच्या तबकडीत काय मावते आणि काय मावत नाही, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार!

कल्पना अशी की, काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा एक दिवस सुरांनी सांगावयाचा. पहाटेस अहीर भैरव, मग पिलू, सांज झाली की भूप, रात्री देस, आणि शेवटी पहाडी. अहीर म्हणजे गुरे राखणारा, हे ध्यानात घेतले म्हणजे आरंभाच्या रागाची निवड किती समर्पक आहे हे कळते. पहिल्या बाजूवर सकाळ व दुपार, दुसऱ्या बाजूवर संध्याकाळ व रात्र. मधे ऐकणाऱ्याने उठून तबकडी उलटावयाची, म्हणजे दिवस कलला.

आमच्या घरी ती उलटण्याचे काम बाबांचे असे. ते रेल्वेत कारकून होते आणि नाताळच्या कार्यक्रमात मंडळीपुढे हवाईयन गिटार वाजवीत. रविवारची उपासना आटोपून जेवणे झाली की ही तबकडी लागे. प्रभूच्या दिवशी भजनांखेरीज दुसरे काही ऐकू नये असे आजीचे मत होते. त्यावर बाबा म्हणत, "आई, ह्यात शब्दच नाहीत, तर वाईट शब्द कोठून येणार?" आजी निरुत्तर होई, पण पदर डोक्यावर ओढून घेऊन मनातल्या मनात एखादे भजन म्हणत राही, एवढी खबरदारी ती घेत असे.

मी त्या सुमारास एका गुरूंकडे गायन शिकू लागलो होतो. राग म्हणजे तासभर आळवावयाची वस्तू. तिचा सहा मिनिटांत निकाल लावणे हा अपराध. गिटार तर परदेशी. आणि ज्या संतुराला मींड घेता येत नाही ते रागदारीचे वाद्यच नव्हे, अशी मते मला अल्पावधीत प्राप्त झाली होती. ती माझी नव्हती हे आता कळते. उसन्या पैशाप्रमाणे मी ती मोठ्या ऐटीने खर्च करीत होतो. एका रविवारी पिलू चालू असता मी म्हणालो, "बाबा, हे शास्त्रीय नव्हे. सिनेमात पडद्यामागे वाजावे असले काहीतरी आहे." ते काही बोलले नाहीत. उठून त्यांनी सुई उचलली. त्यांचा हात एरवी फार स्थिर असे. त्या दिवशी मात्र सुई तबकडीवर घसरली व चर्र असा आवाज झाला. तबकडी पाकिटात गेली. मी घरी असताना ती पुन्हा लागली नाही. मी शिकवणीला गेलो की ते ती लावीत, आणि पिलूत त्या ओरखड्यापाशी सुई अडकली की उठून बोटाने हलकेच पुढे ढकलीत, हे आईने मला त्यांच्या पश्चात सांगितले.

गतवर्षी एका माजी विद्यार्थ्याने, मला संगीताची आवड आहे म्हणून, हीच कृती नव्या रूपात आणून दिली. इ. स. १९९५ मध्ये मूळच्या पाच रचनांस आणखी काही जोडून तिची लहान चकचकीत तबकडी काढण्यात आली होती, तीच ही. शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत एकट्याने बसून मी ती ऐकली.

प्रथम संतुराविषयी. त्याला शंभराच्या आसपास तारा. त्या लाकडी कलमांनी आघात करून वाजवावयाच्या. आघाताचा सूर उमटतो आणि विरतो. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे त्याच्या स्वभावात नाही. काश्मिरात सूफियाना मौसिकीत रमलेल्या ह्या वाद्यावर राग वाजवावा असे शिवकुमारांच्या वडिलांच्या, उमादत्त शर्मांच्या, मनात आले आणि मुलाने पुढे सारे आयुष्य त्यात घातले. उलटपक्षी गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकविली की मींडच मींड. एकाला घसरता येत नाही, दुसऱ्याचे घसरल्यावाचून चालत नाही, आणि दोहोंच्या मधे बासरीचा श्वास. अहीर भैरवात एक थांबतो तेव्हा दुसरा बोलतो, आणि पहिल्याचे जे राहून गेले ते दुसरा पुरे करतो. जे मी व्यंग समजलो होतो त्याच्याच आधारावर ही सगळी रचना उभी आहे.

परदेशीपणाच्या आक्षेपाविषयी काय बोलावे? आमच्या देवळात आणि तुमच्या भजनी मंडळात जी पेटी वाजते ती युरोपातूनच आली. तिच्यावर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. म्हणजे ही तबकडी निघाली तेव्हा पेटीसुद्धा परकी ठरलेली होती! मी त्या वयात पेटीवरच सूर धरून गात असे, ही गोष्ट मला तेव्हा सुचली नाही.

तरी सगळे गुण देववत नाहीत. भूप मला आजही अपुरा वाटतो. दार उघडून कोणी आत बोलावीलसे वाटावे तोच ते मिटते. मेंढपाळाची कथाही किंचित गोडसर आहे. ती ठाऊक नसती तरी सूर उणे पडले नसते. आणि नव्या आवृत्तीत पाठीमागे जोडलेल्या रचना, मिश्र किरवाणीची धून, बागेश्री वगैरे, स्वतंत्रपणे ऐकाव्या अशा आहेत. पण पहाडीनंतर मेंढपाळ निजला, दिवस संपला, तेथे कोणी पुन्हा दिवा का लावावा? शिवाय ही तबकडी उलटावी लागत नाही. दुपारची सांज होते ती कोणी जागेवरून उठल्यावाचूनच.

एका गोष्टीसाठी मात्र ह्या आवृत्तीचे ऋण मानले पाहिजे. पिलूमध्ये ती जागा जवळ आली तशी माझी मान आपोआप वर झाली. चर्र असा आवाज होईल, कोणी उठेल, म्हणून मी थांबलो. काही अडले नाही. सूर सरळ पुढे गेले, आणि त्या दोनतीन क्षणांत, जेथे बाबा सुई पुढे ढकलीत असत तेथे, काय वाजविलेले आहे ते मला ऐकू आले. मी ती जागा तीन वेळा मागे नेऊन ऐकली. तोपर्यंत शिपाई खोली बंद करावयास किल्ल्या घेऊन दारात उभा राहिला होता.