अंदमानचे सात दिवस

मुलांना समुद्र हवा होता, आजोबांना सेल्युलर जेल. भगूरचे बाबाराव व तात्याराव सावरकर ज्या कोठड्यांत राहिले, त्या पाहिल्याखेरीज नाशिककराने राधानगरच्या वाळूत पाय ठेवू नये, हा त्यांचा आग्रह; आणि तो रास्तच. तीन दिवस श्री विजयपुरम, तीन स्वराज द्वीप, उरलेला प्रवासाचा, असे ठरले. अडले ते आजींच्या चौविहारापाशी. घड्याळ तेच; परंतु अंदमान पूर्वेला, म्हणून हिवाळ्यात तेथे सूर्यास्त पाचच्या सुमारास, नाशिकच्या तासभर आधी. जेवण साडेचारलाच उरकायचे, तेही कंदमुळांवाचून. सूनबाई खाखऱ्यांचे डबे मोजू लागल्या. आजींनी एवढेच विचारले, “बेटावरची बोट दिवस मावळायच्या आत पोहोचते ना?”