आकड्यांशी वैर

ज्यास गणित येत नाही त्यास काहीच येत नाही, अशी सुशिक्षित घरांत एक दृढ समजूत असते. आमच्या घरी ती जोपासण्यात आमचाच वाटा मोठा होता, हे आरंभीच कबूल केले पाहिजे.

आमचा पुतण्या आकडे दिसताच गांगरतो. हिशेबापायी त्याच्या दोन नोकऱ्या सुटल्या. गतवर्षी दिवाळी होताच त्याने कोणास न विचारता कळंब्याच्या बाजूस एका गुऱ्हाळावर हंगामापुरती मजुरी धरली. चार लोक काय म्हणतील, या भयाने आम्ही त्यास परत आणावयास गेलो.

चुलवाणात चिपाडाचा जाळ धडधडत होता. रस निवळावा म्हणून काहिलीत भेंडीचे चिकट पाणी घातले होते, आणि वर येणारी मळी आमचे चिरंजीव मोठ्या एकाग्रतेने काढीत होते. गुळव्याने थेंबभर पाक गार पाण्यात टाकला, बोटांनी त्याची गोळी वळून पाहिली आणि काहील उतरविण्याची खूण केली. पाक सुमारे ११८ अंशांवर उतरवावा, असे शास्त्र सांगते. गुळव्यापाशी उष्णतामापक नव्हता. उशीर झाला तर गूळ करपतो. घाई केली तर ढेप बसत नाही. ज्या कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा लौकिक अशा बोटांनी राखला आहे.

"काका, परीक्षेत चुकलो तर माझेच गुण जात. येथे चुकलो तर शेतकऱ्याची सारी काहील जाईल," पुतण्या म्हणाला.

गुळव्या हसून म्हणाला, "पोरगं गप बघतंय, म्हून शिकतंय." आम्ही एकटेच परतलो.

हे काम सुखाचे आहे, असे मात्र कोणी समजू नये. धूर डोळ्यांत जातो, हात भाजतात, आणि हंगाम सरला की पुढील महिन्यांची चिंता उरतेच. शिवाय गुऱ्हाळेही कमी होत चालली आहेत. आणि आपली हजेरी ज्यास मोजता येत नाही, त्याची मजुरी दुसराच मोजतो.

फाल्गुन संपता तो घरी आला. एक ढेप देवापुढे ठेवून त्याने मजुरीची वही आमच्या हाती दिली. प्रत्येक दिवसाची नोंद स्वहस्ते केली होती. बेरीज एके ठिकाणी चुकली होती. आम्ही ती दुरुस्त केली; बोललो मात्र नाही.